सैतानाच्या नावावर जमा झालेला रियाज

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल गावी ६१ आणि ४९ क्रमांकाच्या रस्त्यांच्या चौकात उंच खांबावर मोठाल्या निळ्या गिटारी लावल्या आहेत. ब्लूज संगीताचे चाहते जगभरातून येतात, तिथे उतरून फोटो काढतात. त्यांना इथे आणणारी कथा अशी. १९३०च्या सुमारास रॉबर्ट जॉन्सन नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण मध्यरात्री चौरस्त्यावर गिटार घेऊन थांबला. एक धिप्पाड काळा पुरुष आला, त्याने गिटार हातात घेतली, तारा जुळवल्या, थोडे वाजवून दाखवले आणि परत दिली. त्या घटकेपासून जॉन्सनच्या बोटांत जादू आली, आणि बदल्यात सैतानाने त्याचा आत्मा लिहून घेतला. पुढे सत्ताविसाव्या वर्षी जॉन्सन मेला, तेव्हा सैतानाने आपली वसुली केली म्हणे. लोककथा म्हणून ही गोष्ट देखणी आहे. पण ती आता लोककथा राहिलेली नाही. माहितीपटांत, पुस्तकांच्या मलपृष्ठांवर, पर्यटनाच्या पत्रकांत ती चरित्राची जागा घेऊन बसली आहे. माझा आक्षेप तिच्या अद्भुतपणाला नाही. एका गरीब तरुणाने घाम गाळून मिळवलेली विद्या तिने दुसऱ्याच्या नावावर जमा केली आणि ती विद्या देणाऱ्या माणसाला खोडून टाकले, याला आहे.

कागदपत्रे आणि नातलगांच्या आठवणी यांतून जॉन्सनचे जे आयुष्य उभे राहते त्यात अद्भुत काही नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याचा जन्म ८ मे १९११चा, गाव हेझलहर्स्ट. आईचे नाव जुलिया. तिचा नवरा चार्ल्स डॉड्स हा बऱ्यापैकी शेती आणि कारागिरी असलेला माणूस. पण गोऱ्या जमीनदारांशी वाद झाल्यावर जीव वाचवण्यासाठी तो मेम्फिस शहरात पळाला आणि स्पेन्सर हे आडनाव लावून राहिला. रॉबर्ट हा जुलियाचा नंतरच्या संबंधातला मुलगा, तरी लहानपणी काही वर्षे तो मेम्फिसला याच स्पेन्सर कुटुंबात वाढला. तिथे तो शाळेत गेला, शहरातली नाना तऱ्हेची गाणी त्याच्या कानांवर पडली. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण दंतकथेतला जॉन्सन कापसाच्या शेतातून उगवलेला, जगाची हवा न लागलेला रानटी प्रतिभावंत असतो. पुढे आईने दुसरा संसार मांडला आणि मुलगा डेल्टा प्रदेशात, रॉबिन्सनव्हिलजवळच्या मळ्यावर आला. तिथली शेती वाट्याची. जमीन, बियाणे, अवजारे मालकाची. राबणारे हात कृष्णवर्णीयांचे. हिशोबाची वही पुन्हा मालकाची. वर्षाअखेरीस त्या वहीतून बहुधा कर्जच निघायचे. सावत्र बापाला हा मुलगा शेतात हवा होता आणि मुलाला शेत नको होते. १९२९ साली त्याने व्हर्जिनिया ट्रॅव्हिस या मुलीशी लग्न केले. एप्रिल १९३०मध्ये ती आणि तिचे मूल, दोघेही बाळंतपणात गेली. तिच्या नातलगांपैकी काहींनी नंतर संशोधकांना सांगितले की ही देवाने दिलेली शिक्षा होती, कारण रॉबर्ट देवाची गाणी सोडून ऐहिक गाणी गात होता. त्यांच्या भाषेत यालाच आत्मा सैतानाला विकणे म्हणत. हा वाक्प्रचार लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता त्या चमत्काराकडे येऊ. त्याचा मुख्य साक्षीदार सन हाउस. १९३०च्या सुमारास तो आणि विली ब्राउन रॉबिन्सनव्हिलच्या परिसरात शनिवारी रात्रीच्या नाचगाण्यांना वाजवत. त्यांनी जरा विश्रांती घेतली की पोरसवदा रॉबर्ट त्यांची गिटार उचलून वाजवू लागे आणि लोक वैतागून म्हणत, त्याच्या हातातून ती काढून घ्या. मग तो गाव सोडून गेला. परत आला तेव्हा त्याने अशी गिटार वाजवली की दोघे थक्क झाले. सन हाउसने हे १९६०च्या दशकात, म्हणजे तीसहून अधिक वर्षांनी सांगितले, आणि मधला काळ किती होता हे त्याच्या सांगण्यात दर वेळी सारखे राहत नाही. अभ्यासकांनी लग्ने, मुक्काम आणि माणसांच्या आठवणी यांचे दुवे जुळवले तेव्हा तो काळ वर्ष-दोन वर्षांचा निघाला. अठरा-एकोणीस वर्षांच्या, बायको आणि मूल गमावलेल्या, शेताकडे पाठ फिरवलेल्या मुलाने एवढा काळ दुसरे काही न करता गिटारच वाजवली, तर त्याच्यात काय फरक पडतो हे कोणत्याही वाद्याची तालीम घेतलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

तो कुठे गेला होता हेही माहीत आहे. तो हेझलहर्स्टकडे, आपल्या जन्मगावाच्या बाजूला परतला होता आणि तिथून जवळच्या बोरगार्ड गावात आयक झिमरमन नावाच्या गिटारवादकाच्या घरी राहिला होता. हा झिमरमन रस्त्यांच्या कामावर मजुरी करायचा आणि शनिवारी-रविवारी वाजवायचा. त्याच्या मुलीने म्हातारपणी संशोधकांना सांगितले की रॉबर्ट त्यांच्याकडे घरच्यासारखा राहत होता आणि तिचे वडील त्याला शिकवत. रात्री दोघे घरासमोरचा रस्ता ओलांडून दफनभूमीत जात आणि थडग्यांवर बसून वाजवत. दंतकथेला दफनभूमी आणि मध्यरात्र एवढेच ऐकू आले. पण लहान घर, झोपलेली मुले आणि पहाटे कामाला जाणारी माणसे असलेल्या वस्तीत रात्री मोठ्याने वाजवायचे तर दुसरीकडे कुठे जाणार? तिथे कुणाची झोपमोड होत नव्हती. झिमरमनची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्याचे आडनावसुद्धा पुस्तकांत कित्येक वर्षे झिनरमन असे चुकीचे छापले जात होते. विसाव्या शतकातल्या अत्यंत प्रभावी गिटारवादकांपैकी एकाचा गुरू, आणि त्याचे नाव नीट लिहून घ्यायलाही कुणी गेले नाही. सैतानावर मात्र ग्रंथ निघाले.

यावर कुणी म्हणेल, एका मुलीची आठवण हा काही निर्णायक पुरावा नव्हे. खरे आहे. पण दुसरा पुरावा जॉन्सनच्या ध्वनिमुद्रिकांतच आहे आणि तो कानांनी तपासता येतो. नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनिओच्या एका हॉटेलात आणि जून १९३७मध्ये डॅलसमध्ये त्याने एकूण २९ गाणी मुद्रित केली. ही गाणी नीट ऐकली की त्यांच्या मागे तबकड्यांचा एक ढीगच दिसू लागतो. लेरॉय कार या इंडियानापोलिसच्या पियानोवादक गायकाचा संथ, शहरी सूर. कोकोमो अर्नल्डच्या चाली. बेंटोनियाच्या स्किप जेम्सचे १९३१चे पियानोवरचे पिस्तुलाचे गाणे, जे जॉन्सनने नळीच्या मापाचा आकडा बदलून गिटारवर आणले. लॉनी जॉन्सनची तारांवरची नाजूक कारागिरी, जिची नक्कल दोन गाण्यांत अगदी उघड आहे. पियानिस्टचा डावा हात जो ठेका धरतो तो अंगठ्याने गिटारच्या जाड तारांवर धरायचा आणि त्याच वेळी बारीक तारांवर सुरावट वाजवायची, ही युक्ती त्याने अशी घोटली की पुढे शिकागोच्या गिटारवादनाचा ती पाया ठरली. अनेक गाण्यांची त्याने दोनदा मुद्रणे दिली, आणि त्यांतली बरीच जवळजवळ सारखी आहेत. गाणे तबकडीच्या तीन मिनिटांत कसे बसवायचे, कुठे कडवे संपवायचे, कुठे तार ओढायची हे त्याने आधीच ठरवून ठेवले होते. झपाटलेला माणूस असे वाजवत नाही. त्याच्याबरोबर हिंडलेला जॉनी शाइन्स सांगत असे की रॉबर्टने रेडिओवर एखादे गाणे बोलता बोलता ऐकले तरी नंतर ते जसेच्या तसे वाजवी, आणि रस्त्यावर श्रोते मागतील ते तो देई, मग ते पोल्का असो की बिंग क्रॉस्बीचे गाणे. असा कान जन्मजात असेलही. पण त्या कानाला एवढे साहित्य पुरवणे, ते मोडणे, पुन्हा जोडणे हे काम आहे, आणि ते त्याने केले.

मग सैतान आला कुठून? चौरस्त्यावरच्या काळ्या पुरुषाची कथा ज्या सविस्तर रूपात आज सांगितली जाते ती मुळात या जॉन्सनची नाहीच. ती टॉमी जॉन्सन या आधीच्या पिढीतल्या, त्याच्याशी नाते नसलेल्या गायकाची. त्याचा भाऊ लेडेल याने ती संशोधक डेव्हिड एव्हन्सला सांगितली आणि एव्हन्सच्या १९७१च्या पुस्तकात ती आली. रॉबर्टविषयी १९६६मध्ये पीट वेल्डिंग या ब्लूज-अभ्यासकाने सन हाउसच्या तोंडी आत्मा विकल्याचा एक उल्लेख छापला होता. तेवढ्या धाग्यावर टॉमीची कथा उचलून रॉबर्टच्या खांद्यावर टाकली गेली. सत्तरच्या दशकातल्या संगीतसमीक्षेने तिला वजन दिले आणि १९८६च्या ‘क्रॉसरोड्स’ चित्रपटाने ती जगभर नेली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांत चौरस्त्यावर विद्या मिळण्याची समजूत खरोखर होती. हॅरी हायट या संग्राहकाने १९३०च्या दशकात ती अनेकांच्या तोंडून उतरवून घेतली. पण तिथे बँजो, फिडल, फाशांचा जुगार, काहीही शिकता येत होते. युरोपातही व्हायोलिनवादक पागानिनीबद्दल लोक हेच म्हणत. शिवाय सैतान हा बाजारात चालणारा माल होता. क्लारा स्मिथ या गायिकेने आत्मा सैतानाला विकल्याचे गाणे १९२४मध्येच तबकडीवर दिले होते, आणि पीटी व्हीटस्ट्रॉ तर तबकड्यांवर स्वतःला सैतानाचा जावई म्हणवून घेई. त्यांच्यापैकी कुणाचा करार खरा मानून कुणी चरित्र लिहिले नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. ही कथा गोऱ्या लेखकांनी रचली असे म्हणून सुटका होत नाही. ब्लूज हे सैतानाचे संगीत आहे असे कृष्णवर्णीय समाजच म्हणत होता, आणि जॉन्सनने स्वतः सैतानावर व नरकाच्या कुत्र्यावर गाणी केली. दोन्ही गोष्टी मान्य. पण त्या समाजात या शब्दांचा अर्थ काय होता? आठवडाभर राबून झाले की माणसे एकतर देवळात जाणार किंवा जूक जॉइंटमध्ये, म्हणजे दारू, जुगार आणि नाच यांच्या खोपटात. दोन्हीकडे तीच माणसे, तेच पैसे. पाद्र्याने दुसऱ्या बाजूला सैतानाची म्हणणे हे सरळ स्पर्धेचे बोलणे होते, आणि सन हाउस स्वतः कधी प्रवचनकार तर कधी ब्लूजगायक होता. जॉन्सनला एका मुलीपासून झालेला मुलगा आजी-आजोबांकडे वाढला. बाप भेटायला आला तेव्हा त्या धर्मनिष्ठ आजोबांनी नातवाला बाहेर जाऊ दिले नाही. मुलाने बापाला दारातून पाहिले. करार झाल्याचे त्यांचे म्हणणे नव्हते. तो ब्लूज गातो एवढेच त्यांना पुरेसे होते. आणि ज्या गाण्याच्या जोरावर चौरस्त्याची कथा उभी आहे त्यात सैतानाचे नावही नाही. त्यात एक माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो, कुणी थांबत नाही आणि सूर्य बुडत चालला आहे. त्या काळात अनोळखी मुलखात अंधारानंतर रस्त्यावर सापडलेल्या कृष्णवर्णीयाला भटक्या म्हणून पकडत, सक्तमजुरीला लावत. जमावाने गाठले तर त्याहून वाईट. या भीतीला सैतानाची गरज नव्हती. दंतकथेने तिथे सैतान आणून बसवला आणि शेरीफला दृश्यातून बाहेर काढले, ही मला तिची सर्वांत वाईट कामगिरी वाटते.

तिने आणखी एक नुकसान केले. आत्मा विकलेला एकटा पुरुष हा ब्लूजचा आरंभ ठरला, आणि ज्यांनी तो तबकड्यांवर खरोखर सुरू केला त्या बायका प्रस्तावनेत ढकलल्या गेल्या. १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथने न्यूयॉर्कमध्ये ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ मुद्रित केले. कृष्णवर्णीय ग्राहक स्वतःच्या पैशाने तबकड्या विकत घेतो हे कंपन्यांना त्या एका गाण्याने कळले. त्यानंतर एवढी धांदल उडाली की विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची पॅरामाउंट ही तबकड्यांची शाखा ब्लूजची मोठी प्रकाशक बनली. तिथे मा रेनीने १९२३ ते १९२८ या काळात शंभराच्या आसपास गाणी दिली. बेसी स्मिथने कोलंबियासाठी १६० दिली आणि तिच्या तबकड्या लाखांनी खपल्या. त्यातले तिला किती मिळाले? पहिल्या करारात प्रत्येक स्वीकारलेल्या गाण्यामागे १२५ डॉलर होते आणि विक्रीवरच्या हिश्श्याचे कलम खोडलेले होते. आत्मा लिहून देण्याचा व्यवहार कुठे झाला असेल, तर तो अशा कागदांवर. जॉन्सनच्या सर्वांत चाललेल्या तबकडीच्या प्रती काही हजारांत होत्या. पण १९५०-६०च्या दशकांत जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्या गोऱ्या तरुणांना दुर्मीळ ते मोलाचे वाटले. बेसी घरोघर होती म्हणून तिच्यात शोध लावण्यासारखे काही नव्हते. ज्याची तबकडी सापडत नाही, ज्याचा फोटो नाही, तो गूढ, म्हणून तो श्रेष्ठ. कमी खपाचे रूपांतर असे मोठेपणात झाले. जॉन्सन श्रेष्ठ आहेच. पण त्याचे कारण त्याची दुर्मीळता नव्हे.

बेसीच्या वाट्याला दंतकथा आली ती मरणाची. २६ सप्टेंबर १९३७च्या पहाटे, क्लार्क्सडेलजवळ, त्याच ६१ क्रमांकाच्या रस्त्यावर तिच्या मोटारीला अपघात झाला. काही आठवड्यांतच ‘डाउनबीट’ मासिकात जॉन हॅमंड या संगीतनिर्मात्याने ऐकीव माहितीवर लिहिले की गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दारातून परतवले. एडवर्ड ऑल्बीने पुढे त्यावर नाटक लिहिले. ख्रिस आल्बर्टसनने १९७२च्या चरित्रात अपघातस्थळी योगायोगाने पोहोचलेल्या गोऱ्या डॉक्टरची साक्ष मांडली तेव्हा कळले की तसे घडलेच नव्हते. तिला थेट कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेले आणि ती तिथेच गेली. मग ही कथा निदान अन्यायावर बोट ठेवते, ती का मोडायची, असे विचारता येईल. मोडायची, कारण खरी हकिगत अधिक कठोर आहे. दंतकथेत एक दुष्ट दार आहे, जे उघडता आले असते. प्रत्यक्षात, त्या डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे, मिसिसिपीतला कोणताही रुग्णवाहिकावाला कृष्णवर्णीय जखमीला त्या दाराशी नेण्याचा विचारच करणार नव्हता. नकार द्यायलाही कुणाला उठावे लागले नाही. तिच्या अंत्ययात्रेला फिलाडेल्फियात हजारो लोक लोटले, तरी १९७०पर्यंत तिच्या थडग्यावर दगड नव्हता.

शेवटचा युक्तिवाद व्यवहाराचा आहे: सैतानाच्या कथेवाचून जॉन्सनला आज कुणी ओळखले नसते. हे काळाच्या क्रमाशी जुळत नाही. डिसेंबर १९३८मध्ये हॅमंडला कार्नेगी हॉलच्या मैफलीत जॉन्सन हवा होता. तो मेल्याचे कळले तेव्हा त्याने मंचावरून त्याच्या दोन तबकड्या ऐकवल्या. १९६१मध्ये कोलंबियाने त्याच्या गाण्यांची लाँग प्ले तबकडी काढली आणि ती इंग्लंडमधल्या तरुण गिटारवादकांच्या हाती पडली. तेव्हा टॉमीची कथा अजून छापली जायची होती. ती मुले एका गिटारमधून दोन माणसे वाजत असल्यासारखा नाद ऐकून हादरली होती. कथा नंतर आली, आणि १९९०मध्ये त्याची समग्र गाणी दहा लाखांवर खपली तेव्हा तिने जाहिरातीचे काम केले असेल, एवढे मी मान्य करतो. त्या पैशावर हक्क कुणाचा हे ठरायला २००० साल उजाडले. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दारातून बाप पाहिलेल्या मुलाचा मानला. तोवर तो मुलगा ट्रक चालवून म्हातारा झाला होता.

रॉबर्ट जॉन्सन १६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवुड गावाजवळ मेला. एका मत्सरी नवऱ्याने दारूतून विष घातले असे त्याच्या सोबत्यांनी सांगितले. त्याचा मृत्युदाखला गेल डीन वॉर्डलो या संशोधकाने १९६८मध्ये शोधून काढला. मृत्यूच्या कारणाच्या जागी फक्त डॉक्टर नव्हता एवढे लिहिले आहे. मागच्या बाजूला नोंदणी करणाऱ्या बाईंनी चौकशी करून टिपण केले आहे: हा माणूस मळ्यावरच्या नाचात वाजवायला आला होता, मळ्याच्या गोऱ्या मालकाने त्याच्यासाठी डॉक्टर बोलावला नाही, कारण तो त्याच्याकडे कामाला नव्हता, काउंटीने दिलेल्या साध्या, घरगुती पेटीत त्याला पुरले. वाद्य म्हणून त्या टिपणात बँजो लिहिले आहे, तेही चूक. पण दाखल्याच्या पुढच्या बाजूला व्यवसायाचा रकाना आहे, आणि त्यात वादक असे नोंदवलेले आहे.